डावीकडचा खांब

आपिया
सोमवार, ६ मे २०१३

लेआउगा मालाकी यांस,

शनिवार, दिनांक ४ मे २०१३ रोजी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, वाईतेआच्या सभाघरात, सगळ्या गावाच्या देखत आपण माझा प्याला गाळलात.

'गाळलात' हाच शब्द मी वापरते. 'विसरलात' हा शब्द आपल्या पत्नीने वापरला होता, तो मी तिथल्या तिथे तिला परत केला. सभेत आवाच्या मुळीचं पेय वाटताना प्याल्यांची हाक देण्याचं काम आपण गेली कित्येक वर्षं करत आहात. कोणत्या घराण्याच्या मताईची करवंटी कोणानंतर जाते, कोणाच्या प्याल्याला कोणतं नाव आहे, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नव्या माणसाला मताईची, घराण्याच्या प्रमुखाची, पदवी देण्याचा दिवस, बाहेरगावचे पाहुणे बसलेले, आणि असा माणूस आपल्या थोरल्या बहिणीचाच प्याला विसरतो?

मी माझ्या जागेवर होते. आपल्या डावीकडच्या टोकाला, दुसऱ्या खांबाला पाठ टेकून. ती जागा माझ्या पदवीची आहे आणि माझ्या आधी आपल्या आत्याची होती. मी हात पुढे करून बसले होते. करवंटी घेऊन फिरणारा मुलगासुद्धा माझ्याकडे बघून घुटमळला. आपण पुढचं नाव पुकारलंत, उजवीकडचं, आणि तो तिकडे गेला.

माझ्याबरोबर आणखी दोघं कोरडे राहिले. एक आलिपाते, आपल्या चर्चचा म्हातारा उपदेशक, आणि दुसरा तौसी. तिघंही डाव्या टोकाला बसलो होतो. आणि डोंगरावरच्या जमिनीत मोबाइलचा टॉवर उभा करायला गेल्या वर्षी विरोध केला तो याच तिघांनी. आपण टॉवरच्या बाजूचे. हा योगायोग आहे, असं मला कृपया सांगू नका. मी जमिनींच्या आणि पदव्यांच्या कोर्टात तीस वर्षं नोंदणीच्या टेबलामागे काढली आहेत. आमच्याकडे येणारं प्रत्येक भांडण एखाद्याच्या बसण्याच्या जागेपासून किंवा गाळलेल्या प्याल्यापासूनच सुरू व्हायचं. जमीन त्यानंतर यायची.

प्रकृतीचं कारणही पुढे करू नका. त्याच दिवशी आपण तासभर भाषण केलंत. सगळ्या घराण्यांची नावं, मान, जुन्या लढाया, कुठेही अडखळला नाहीत. आवाज समुद्रापर्यंत जात होता.

सभा उठल्यावर मी काय बोलले, याबद्दल गावात कुजबुज चालू आहे, असं कळतं. जे बोलले ते रागात बोलले आणि अर्धंच बोलले. त्याचा इथे संबंध नाही.

आपल्याकडे भाऊ आधी बहिणीला वाढतो आणि मग स्वतः खातो. हे ज्या घरात मोडलं त्या घराशी मला संबंध ठेवायचा नाही. मला लेखी खुलासा हवा आहे. तो समाधानकारक नसेल, तर आपली पदवी काढून घ्यावी असा अर्ज मी कोर्टात करीन, आणि त्यानंतर आपण माझे कोणी नाही. अर्ज कसा लिहायचा ते मला कोणाला विचारावं लागणार नाही.

हे पत्र बसवाल्या सानेलेच्या हातात देत आहे. आपल्या बेटाकडे बस जहाजावरून येते, तिथे त्याने ते भिजू दिलं, तर त्याचीही गाठ माझ्याशी आहे.

सेगी कोलेता


आपिया
मंगळवार, २१ मे २०१३

मालाकी,

तुझं उत्तर मिळालं. 'आपण' संपलं, कारण तुझं उत्तर त्या लायकीचं नाही.

पहिली गोष्ट, कागद. चांगला मोठा कागद घेतलास आणि सगळा मजकूर उजव्या अंगाला कोंबलास. अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, शेवटचे शब्द काठावरून खाली पडायला आलेले. आणि डावा अर्धा भाग पांढरा स्वच्छ. तो कोणासाठी ठेवलास? सही केलेल्या कागदावर रिकामी जागा दिसली की ती रेघ मारून बंद करायची, नाहीतर मागाहून तिथे काहीही लिहिलं जातं, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुझ्या कागदावर मी लाल शाईची उभी रेघ मारली आहे. आता तिथे तुला किंवा तुझ्या सल्लागारांना काही घुसडता येणार नाही.

दुसरी गोष्ट, मजकूर. मी प्याल्याबद्दल विचारलं. तू लिहितोस, 'ताई, तुझं पत्र तुटक वाटलं, अर्थ लागत नाही. कोणी कोणाला कोरडं ठेवलं? टॉवर उभा करायला गेलेला मुलगा कोण?' माझं पत्र तुटक! सिस्टर बेनेदिक्ता लाकडी पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या तेव्हा तयार झालेली वाक्यं आहेत ती. आजवर न्यायाधीशांनीसुद्धा त्यातला एक शब्द हलवला नाही. तू प्रत्येक ओळीचं शेपूट तेवढं वाचलंस आणि तोंड टाकून दिलंस, असं दिसतं. कोणाचं पत्र असं वाचतात? ज्याला उत्तर द्यायचं नसतं, त्याचं.

तिसरी गोष्ट सानेलेने सांगितली. तू गालाच्या एकाच बाजूची दाढी केलेली आहेस म्हणे. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर रान. मी म्हटलं, नवस आहे का? तर म्हणाला, "मावशी, मला वाटतं अर्धा माणूस तुमच्यावर रागावलाय आणि अर्धा नाही."

बसमधली सगळी माणसं हसली. मी हसले नाही. चारचौघांत अर्धी दाढी घेऊन फिरायला तू काही वेडा नाहीस. याचा काहीतरी अर्थ आहे आणि तो तुम्ही कोणी मला सांगत नाही आहात.

आलिपातेच्या नातीचा पहिला ख्रिस्तप्रसाद दोन जूनला आहे. मी गावात येते आहे. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. समोरासमोर होऊनच जाऊ दे.

कोलेता


आपिया
मंगळवार, ४ जून २०१३

मालाकी,

रविवारी तुझ्या घरी जे घडलं ते लिहून ठेवते, कारण पुढे तू ते नाकारशील.

मी पालुसामी करून नेलं होतं. अळूची पानं मी स्वतः निवडली आणि नारळाचं दूध घट्ट काढलं, तुला आवडतं तसं. मी तेवढं केलं, हे लिहून ठेवलेलं बरं. ते तुझ्या ताटात डाव्या हाताला वाढलं. तू उजवीकडचं अळकूड खाल्लंस, कोंबडी खाल्लीस, बोटं चाटलीस आणि माझ्या तोंडावर विचारलंस, "ताईनं या वेळी काही आणलं नाही वाटतं?"

पालुसामीची वाफ तुझ्या मनगटाला लागत होती, मालाकी!

मग तुझ्या बायकोने काय केलं, तेही मी पाहिलं. फेतूई मुकाट्याने पुढे वाकली आणि तिने तुझं ताट गोल फिरवलं. पालुसामी उजवीकडे आलं. आणि तू म्हणालास, "अरे वा, हे कुठून आलं?" सगळं संपवलंस.

बायको नवऱ्याचं ताट का फिरवते? तिने ते इतक्या सवयीने केलं, की हे पहिल्यांदा नव्हतं. तुम्ही दोघं मिळून माझ्यासमोर काहीतरी नाटक करत आहात, अशी माझी खात्री झाली. चर्चमध्येही मी मुद्दाम तुझ्या डाव्या बाजूला बसले. सबंध प्रार्थनेत तू मान वळवली नाहीस. बाहेर पडताना डावा खांदा दरवाजावर आपटलास आणि सुताराला शिव्या दिल्यास. तो दरवाजा आपल्या लहानपणापासून तिथेच आहे.

नंतर मी स्वयंपाकाच्या खोपीत फेतूईला गाठलं.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही काढलेला शब्द मागे घ्या."

"कुठला शब्द?"

"सगळ्या गावानं ऐकलाय. बहिणीचा शब्द भावाला लागतो. माझ्या आजीच्या डोळ्यांसमोर एक धडधाकट माणूस असाच गेला. मी नारळाचं पाणी आणते. तोंडात घ्या आणि त्यांच्या अंगावर चूळ टाका. म्हणजे तुमच्या पोटात काही नाही, हे दिसेल."

"मी सिस्टरांकडे शिकलेली बाई भावाच्या अंगावर थुंकू?"

"थुंकायचं नाही, चूळ टाकायची."

"त्यात फरक काय, ते मला मदर सुपीरियरसमोर समजावून सांग."

"तुम्हाला चेष्टा सुचते! मालीशवालीनं हात टेकले. आता तुम्ही नाही म्हणालात, तर हॉस्पिटलात नेऊन तरी काय होणार?"

"हॉस्पिटलात? कशाला? काय झालंय त्याला?"

यावर ती एकदम वळून चुलीत फुंकायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

तेव्हा हे असं आहे तर! तुझ्या मनात आलं म्हणून तू माझा प्याला गाळलास, आणि आता गावात उलटं पसरवायचं की माझ्या तोंडामुळे तुला आजार झाला. गुन्हेगार मी! उत्तम. कागदावर येऊ दे. मी म्हटलं होतं, 'ज्या डोळ्यांना सख्खी बहीण दिसत नाही ते डोळे...' आणि मी तिथे थांबले. पुढचं बोलले नाही. अर्ध्या वाक्यावर कोणालाही दोषी धरता येत नाही.

आणि मेंदूचा झटका म्हणशील, तर तो मला शिकवू नकोस. पेतेलोला आला तेव्हा मी समोर होते. माझ्या नवऱ्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला आणि बोलणं गेलं. शेवटपर्यंत 'पाणी' म्हणायचं असलं की 'दार, दार' म्हणायचा आणि रडायचा. झटका असा असतो. तू तर रविवारी चर्चच्या पायरीवर उभा राहून बिशपच्या आजोबांच्या होडीची गोष्ट सांगत होतास आणि बायका पोट धरून हसत होत्या. ज्याची जीभ अशी चालते त्याला काही झालेलं नाही.

अर्ज लिहायला घेतला आहे.

कोलेता


आपिया, हॉस्पिटलचा व्हरांडा
बुधवार, १९ जून २०१३

मालाकी,

तू आत आहेस आणि मी बाहेर बाकावर आहे, मध्ये एक भिंत आहे. तुझी बायको मला वॉर्डात येऊ देत नाही. माझी नजर पडली की तू आणखी बिघडशील, असं तिचं म्हणणं. म्हणून पत्र. नर्सजवळ देईन.

सोमवारी काय झालं ते तुझ्या ध्यानात नसेल, किंवा नाही असं तू म्हणशील. माझी क्षमा मागायला तू पिकअपमध्ये भाजलेलं डुक्कर आणि बारीक विणीची चटई घालून निघालास, आणि माझ्या इथल्या, आपियातल्या घराच्या फाटकाचा डावा खांब पाडलास. मी पडवीत होते. गाडीची डावी बाजू पत्र्याच्या डब्यासारखी चेपली, फेतूई किंचाळली आणि तू शांतपणे खाली उतरलास.

मी ओरडले, "क्षमा मागायला आलास की घर पाडायला?"

तू म्हणालास, "ताई, मी काय पाडलं?"

"खांब!"

"कुठला खांब?"

खांब तुझ्या डाव्या पायाशी पडला होता, आणि त्या पायात चप्पल नव्हती. शर्टाची डावी बाहीही रिकामी होती. हात आत, बटणांच्या मागे दडपलेला. नाटक करणारा माणूस गाडी चेपून घेत नाही आणि खडीवर अनवाणी उभा राहत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी जवळ आले, तुझा तो हात बाहेर ओढून तुझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हा कोणाचा?"

तू नीट बघितलंस. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणालास, "फेतूईचा असेल. तिला विचार."

फेतूई गाडीच्या पलीकडे दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

तुला हॉस्पिटलात मी आणलं. हे तुझ्या बायकोने कोणाला सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

इथली डॉक्टर लोगोवी नावाची तरुण मुलगी आहे. मी आधी तिचीच चौकशी केली. तिची आई फेतूईच्या माहेरच्या गावची निघाली. ते मी ध्यानात ठेवलं आहे. तिने मशीनमध्ये काढलेला तुझ्या डोक्याचा फोटो मला दाखवला आणि उजव्या कानाच्या वर, जरा मागे, एका करड्या डागावर बोट ठेवलं. म्हणाली, "इथं रक्त पोचलं नाही. हे काल-परवाचं नाही, बरेच आठवडे झालेत."

मी तिला पेतेलोचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग याचं बोलणं कसं शाबूत?"

ती म्हणाली, "तुमच्या यजमानांना झालं ते डाव्या बाजूला. बहुतेकांचं बोलणं डाव्या बाजूला असतं. तिथली मधली मोठी रक्तवाहिनी तुंबली की बोलणं जातं आणि उजवं अंग लुळं पडतं. यांची तुंबली ती उजव्या बाजूची, आणि तीसुद्धा सबंध नाही, मागं जाणारी एक फांदी. तिथं बोलणं नसतं. आपल्या भोवती काय कुठं आहे, याचं भान असतं. त्यातली डावी बाजू यांच्या मनातून गेली आहे."

"म्हणजे डावा डोळा गेला?"

"डोळे चांगले आहेत, मावशी. अगदी मागच्या रक्तवाहिनीला धक्का बसतो तेव्हा अर्धी नजर जाते. पण त्या माणसाला बहुधा कळतं की आपल्याला तिकडचं दिसत नाही. तो मान वळवून बघतो. खाली मानेजवळ बिघडलं तर तोल जातो, चक्कर येते, माणूस स्वतःच धावत येतो. यांना काही बिघडलंय असंच वाटत नाही. डावीकडं काही नाहीच म्हटल्यावर मान कशाला वळवतील?"

मी म्हटलं, "हे फार सोयीचं आजारपण आहे. कोर्टात उपयोगी पडेल."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, "तुम्ही वकील होता का?"

"मी वकिलांच्या चुका काढत होते."

मग फेतूईला बाहेर बोलावून मी दोन प्रश्न विचारले. पहिल्याच प्रश्नाला ती रडली. एप्रिल संपता संपता एका सकाळी तू अंथरुणातून उठताना पडलास. डावा हात बधिर होता आणि डोकं दुखत होतं. संध्याकाळी हात हलायला लागला आणि तुझं बोलणं खणखणीत, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. पदवीदानाचा दिवस तोंडावर आला होता. हाक देण्याचा मान दुसऱ्या घराण्याकडे गेला असता.

म्हणजे काहीतरी लपवलं जात होतं, हे माझं बरोबर होतं. तेवढं नोंदवून ठेव.

पण बाकीच्याबद्दल माझी खात्री झालेली नाही. भाषण पाठ आहे, घराण्यांच्या लढाया पाठ आहेत, मग प्याल्यांची नावं पाठ नव्हती का? नाव घ्यायला डोळे कशाला लागतात? डावीकडे दिसत नाही म्हणून खांबाला धडकणं वेगळं आणि मनातून बहिणीचं नाव पुसलं जाणं वेगळं. मी डॉक्टरला हेच विचारलं. ती म्हणाली, "चांगला प्रश्न आहे. उद्या त्यांनाच विचारू या. तुम्ही समोर असा."

फेतूई नाही म्हणत होती. डॉक्टरने ऐकलं नाही.

अर्ज माझ्या पिशवीत आहे.

कोलेता


आपिया
शुक्रवार, २१ जून २०१३

मालाकी,

काल मी तुझ्या पलंगाच्या डाव्या बाजूला उभी होते. तू मला पाहिलं नाहीस. ते मी आता मोजत नाही.

डॉक्टरने तुला म्हटलं, "डोळे मिटा. तुम्ही गावातल्या चर्चच्या पायरीवर उभे आहात, तोंड समुद्राकडे. समोर मैदान आहे. मैदानाभोवतीची घरं मला एकेक करून सांगा."

तू हसलास. तुला किती सोपं वाटलं! तू सभेत पुकारतोस त्या थाटात सुरुवात केलीस. तुझं स्वतःचं घर, शेजारचं दुकान, पाद्रीबाबांच्या बहिणीचं घर, मग होड्यांची शेड. शेडजवळ पोचून थांबलास. सगळी उजवीकडची.

डॉक्टर म्हणाली, "झाली सगळी?"

"झाली."

माझं घर नाही, आलिपातेचं नाही, तौसीचं नाही. आपण जिथे जन्मलो ते घर, मालाकी! मी पिशवी उचलली. अर्ज त्याच दुपारी द्यायचा असं माझ्या मनात पक्कं झालं. डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, जरा थांबा." आणि तुला म्हणाली, "आता तुम्ही मासे मारून परत आलाय. होडी वाळूत ओढली. समुद्र पाठीशी आणि तोंड चर्चकडे. पुन्हा सांगा."

तू लगेच म्हणालास, "तौसीचं घर. आलिपातेचं. मग ताईचं. दारात नीरफणस आहे, मागची पायरी निसटली आहे, ती मला बसवून द्यायची आहे, ताई पडेल एखाद्या दिवशी. मग शाळा, मग चर्च."

आणि थांबलास.

"झाली?"

"झाली."

"आणि तुमचं घर?"

तू डोळे उघडलेस. तुझ्या कपाळावर आठी पडली. गावाचा सगळ्यात मोठा वक्ता, आणि तुला एक शब्द सुचेना. मग हळूच म्हणालास, "माझं घर... असायला पाहिजे."

फेतूई जमिनीवर बसली.

मी पिशवी खाली ठेवली. मला जो पुरावा हवा होता तो मिळाला. माझा अपमान करण्यासाठी एखादा माणूस माझं घर पुसेल. मी अशी माणसं आयुष्यभर पाहिली आहेत. पण त्यासाठी कोणी स्वतःचं घर पुसत नाही.

पुढचं लिहायची गरज नव्हती, पण तू त्या बाजूला बघत नव्हतास, म्हणून लिहिते. मी बाहेर जाऊन फाटकाजवळच्या बाईकडून शहाळं आणलं. फेतूई म्हणाली, "वन्सं, मनापासून?" मी म्हटलं, "मनापासून की कसं, ते तुझ्या आजीला विचार, मला फक्त कृती सांग." मी पाणी तोंडात घेतलं आणि तुझ्या छातीवर चूळ टाकली. तू दचकलास आणि म्हणालास, "छप्पर गळतंय का?"

फेतूई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. चादर बदलायला नर्स आली तेव्हा मी पेला सांडला असं सांगितलं. हे खोटं मी चर्चमधल्या कबुलीजबाबात सांगणार आहे. चुळीबद्दल अजून ठरवलेलं नाही.

कोलेता


आपिया
मंगळवार, ३० जुलै २०१३

मालाकी,

तू घरी गेल्याला आता बरेच दिवस झाले. सानेले सांगतो की दाढी दोन्ही गालांवर सारखी दिसते. ती कोण करतं, हे त्याने सांगितलं नाही, आणि मला संशय आहे की फेतूई करते.

गावच्या मंडळींचं पत्र आलं. पाद्रीबाबांच्या नव्या घराचा समारंभ शनिवारी, सतरा ऑगस्टला आहे. हाक देण्याचा मान तुझ्याकडेच ठेवायला ते तयार आहेत, पण त्यांना भीती वाटते. म्हणून त्यांनी मोठ्या अदबीने सुचवलं आहे की सेगी कोलेता, आलिपाते आणि तौसी यांनी त्या दिवसापुरतं उजवीकडे बसावं, म्हणजे कोणी गाळलं जाणार नाही. फेतूईचंही तेच म्हणणं. तिने लिहिलं आहे, 'वन्सं, त्यांच्यासाठी एवढं करा.'

सूचना कोणाच्या डोक्यातून निघाली, याचा मी तपास करते आहे. आज मी त्या खांबापासून उठले की उद्या तिथे टॉवरवाल्यांपैकी कोणीतरी बसलेला दिसेल, आणि परवा म्हणेल की ही जागा आमचीच होती. टॉवरच्या बाबतीत मी तुलाही अजून सोडलेलं नाही.

पण खरं कारण ते नाही. लोगोवीकडे मी दोनदा जाऊन आले. ती म्हणते, घरचे लोक मायेपोटी सगळं उजवीकडे आणून ठेवतात, ताट फिरवतात, उजव्या बाजूने बोलतात, आणि माणूस अर्ध्यातच राहतो. डावीकडून हाक मारा. ताटातलं आवडीचं डावीकडे वाढा. वाचायच्या कागदाच्या डाव्या काठावर ठळक लाल रेघ ओढा, आणि रेघ सापडेपर्यंत मान वळवायची असं ठरवून द्या. मान वळवली की दिसतं. गोष्टी तिथेच असतात. पूर्ण बरं होईल असं तिने सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, म्हणून मी ते खरं धरते.

तेव्हा फेतूईला सांग, ताट फिरवायचं नाही. मी तिलाही वेगळं लिहिलं आहे.

या पत्राच्या डाव्या काठावर मी लाल रेघ ओढली आहे. प्रत्येक ओळ तिथून सुरू होते. एखादं वाक्य तुटक वाटलं, तर चूक माझी नाही. मागे जा आणि रेघ शोध. सोबत कोरा कागद जोडला आहे. त्यावरही रेघ आहे. त्या रेघेपासून उजव्या काठापर्यंत भरून, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, मैदानाभोवतीची सगळी घरं लिही. एकदा चर्चच्या पायरीवरून आणि एकदा समुद्राकडून. दोन्हीकडे माझं घर आलं पाहिजे, आणि दोन्हीकडे तुझंही. फेतूईने सांगितलेलं चालणार नाही. तिचं सांगितलेलं मला ओळखू येतं.

मंडळींना मी आजच कळवलं आहे की मी जागा बदलणार नाही. सतरा तारखेला मी डावीकडच्या खांबाला पाठ टेकून, हात पुढे करून बसेन. मान तुला वळवायची आहे. सगळा गाव थांबला तरी चालेल, मी थांबेन.

अर्ज कपाटात आहे. फाडलेला नाही. लेखी उत्तर शुक्रवार, ९ ऑगस्ट रोजी, सानेलेच्या संध्याकाळच्या बसने, माझ्या हातात पडलं पाहिजे. फाटकाचा खांब नवा बसवला आहे आणि त्याला पांढरा रंग दिला आहे.

तुझी बहीण
कोलेता